रोपे मोजू नका, उन्हाळे मोजा: टेकडीवरचे देशी रान आणि आपले आरोग्य

पावसाळा संपत आला की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन काही जण येतात. पापण्या सुजलेल्या, मानेवर आणि कोपराच्या खोबणीत लाल चट्टे, रात्रभर खाज. तोपर्यंत साबण बदलून झालेला असतो, औषधाच्या दुकानातून एखादे मलमही लावून झालेले असते. मी विचारतो, "रविवारी सकाळी कुठे जाता?" उत्तर येते, "टेकडीवर. झाडांभोवतीचे गवत काढायला." हातमोजे? "नाही हो डॉक्टर, हातानेच."

ते गवत म्हणजे गाजर गवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची भारतातली पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकात पुण्यातच झाली. त्यातल्या पार्थेनिन या रसायनाची अनेकांना ॲलर्जी होते. वाळलेल्या झाडाची भुकटी हवेतून उडून त्वचेवर बसते, म्हणून चट्टे हातापुरते न राहता पापण्या आणि मानेवरही उठतात.

या रुग्णांना मी "टेकडीवर जाणे बंद करा" असे सहसा सांगत नाही. कारण ते करत असलेले काम शहराच्या आरोग्याचे आहे. मात्र त्या कामाचा आरोग्याला नेमका काय फायदा होतो, आणि तो कधी होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. दर पावसाळ्यात "इतकी लाख रोपे लावली" अशा बातम्या येतात. त्या आकड्यांमध्ये हा फरक हरवून जातो.

टेकडीवर नेमके काय चालले आहे?

वेताळ टेकडी, तळजई, पर्वती, हनुमान टेकडी, पाषाण, वारजे या पुण्याच्या टेकड्यांवर अनेक वर्षे परिसरातील रहिवासी स्वतःहून काम करत आहेत. निवृत्त मंडळी, कॉलेजचे विद्यार्थी, आयटीत नोकरी करणारे, गृहिणी. कोणी पाण्याचे कॅन वर वाहून नेतात, कोणी आळी करतात, कोणी समतल चर खणतात, तर कोणी वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढतात.

वारजे येथे वन विभाग, स्थानिक लोक आणि खासगी संस्था यांनी मिळून 16.8 हेक्टर उजाड टेकडीवर रान उभे केले. केंद्र सरकारने 5 जून 2020 रोजी देशात 200 नगर वने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचेच उदाहरण समोर ठेवले होते.

पण टेकडीवर हिरवे दिसणारे सगळेच देशी रान नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. हे मध्य अमेरिकेतले झाड लवकर वाढते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून ते सोयीचे वाटले. मात्र त्याच्या दाटीखाली इथली झाडे आणि गवते मागे पडतात, आणि ऐन उन्हाच्या आधीच त्याची पाने गळून गेलेली असतात.

पुण्यात साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. टेकडीवर काळ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. अशा जागेचे मूळ रूप म्हणजे मोई, सालई, पळस, खैर, हिवर, पांगारा, बहावा अशी विरळ झाडी आणि मधूनमधून कुसळीसारखी गवते. त्यामुळे जाणकार स्वयंसेवक आता गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने कमी करून त्याच्या जागी इथली झाडे वाढवतात, आणि गवताळ पट्टे गवताळच ठेवतात. दाटीवाटीने रोपे लावण्याची मियावाकी पद्धत जिथे तिथे वापरू नये, असे ते म्हणतात ते यामुळेच.

"ऑक्सिजन मिळतो" हा मुद्दा बाजूला ठेवू

झाडे लावा म्हणजे ऑक्सिजन मिळेल, असे करोनाच्या काळापासून फार बोलले जाते. डॉक्टर म्हणून सांगतो, हा मुद्दा कच्चा आहे. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि तो टेकडीवर आणि स्वारगेटच्या चौकात जवळपास सारखाच असतो. चौकात त्रास होतो तो ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे नाही. त्रास होतो धुरामुळे आणि सूक्ष्म धूलिकणांमुळे. पानांवर थोडी धूळ बसते हे खरे, पण वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ कमी केल्याशिवाय केवळ झाडांनी शहराची हवा स्वच्छ होत नाही.

मग खरा फायदा कुठे आहे? मुख्यतः तीन ठिकाणी:

- उष्णता: सावलीमुळे जमीन आणि भिंती तापत नाहीत. पानांतून बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे आसपासची हवाही काहीशी थंड होते. वृद्ध, हृदयरोगी, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पत्र्याच्या घरात राहणारी कुटुंबे यांना याचा सर्वाधिक उपयोग होतो.
- चालणे: जवळ, फुकट आणि सुरक्षित जागा असली तर माणसे रोज चालतात. मधुमेह आणि रक्तदाबासाठी मी लिहून देतो त्या गोळ्यांइतकेच हे महत्त्वाचे आहे.
- मन: ताण, एकटेपणा, उदासी. विशेषतः निवृत्तीनंतर "आज माझी कोणीतरी वाट पाहत आहे" ही भावना मोठी असते.

अभ्यास काय सांगतात?

2019 मध्ये 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये नऊ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सात देशांतील 80 लाखांहून अधिक लोकांची माहिती त्यात होती. घराच्या 500 मीटरच्या आतील हिरवाई उपग्रहाच्या मोजमापात 0.1 ने जास्त असेल, तर मृत्यूचा धोका सुमारे 4 टक्के कमी आढळला. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हिरव्या भागात बहुतेकदा सधन लोक राहतात. संशोधकांनी उत्पन्नासारख्या गोष्टींचा हिशोब धरला, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण पूर्णपणे सिद्ध करत नाही.

2023 मध्ये 'द लॅन्सेट'मधील एका अभ्यासाने युरोपातील 93 शहरांतला हिशोब मांडला. 2015 च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे 6,700 अकाली मृत्यू झाले असावेत, आणि वृक्षछाया 30 टक्क्यांपर्यंत नेली असती तर त्यातले एक तृतीयांशाहून अधिक टळले असते, असा तो अंदाज आहे. आपले हवामान आणि आपली घरे वेगळी आहेत, त्यामुळे हे आकडे पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

मला सर्वात बोलका वाटतो तो अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातला 2018 सालचा प्रयोग. तिथे 541 पडीक भूखंड चिठ्ठी टाकावी तसे तीन गटांत वाटले गेले. काही भूखंडांवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली आणि दरमहा देखभाल केली. काहींवर फक्त कचरा काढला. उरलेल्यांना हातही लावला नाही. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, 41.5 टक्क्यांनी घटले. केवळ कचरा काढलेल्या ठिकाणी तसा ठोस फरक दिसला नाही.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. फायद्यासाठी घनदाट जंगलच लागते असे नाही, गवत आणि मोजकी झाडेही पुरतात. आणि त्या हिरवळीची दर महिन्याला कोणीतरी काळजी घेत होते.

मोजमाप इथे चुकते

महाराष्ट्रात 2016 ते 2019 या काळात कोट्यवधी रोपांची मोहीम झाली. 2016 मध्ये दोन कोटी, मग चार, तेरा आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे होती. त्यातली किती जगली यावर वाद झाला आणि 2021 मध्ये विधिमंडळाची समिती नेमण्याची वेळ आली. 2024 पासून 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम सुरू आहे. हेतू चांगला आहे, पण बातमी होते ती रोप लावण्याची.

मी रुग्णाला रक्तदाबाची चिठ्ठी लिहून दिली म्हणजे त्याचा रक्तदाब आटोक्यात आला असे होत नाही. तो सहा महिन्यांनी पुन्हा आला, गोळ्या घेत होता, मोजल्यावर आकडा योग्य आला, तर उपचार झाला. टेकडीचेही तसेच आहे. जूनमध्ये लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढच्या मार्चपासून असते. किमान तीन उन्हाळे पाणी, आळे आणि वणव्यापासून राखण मिळाली, तरच ते स्वतःच्या पायावर उभे राहते. हे काम सोहळ्याला आलेले पाहुणे करत नाहीत. ते दर रविवारी कॅन घेऊन चढणारी माणसे करतात.

हाच निकष टेकड्या फोडून रस्ते नेण्याच्या प्रस्तावांनाही लावायला हवा. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि वेताळ टेकडीतील बोगदे यांवरून एप्रिल 2023 मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले होते. अशा वेळी "एका झाडाच्या बदल्यात अनेक रोपे लावू" असे आश्वासन दिले जाते. पण जुन्या झाडाची सावली आज मिळते, आणि रोपाची सावली, ते जगले तर, कित्येक वर्षांनी. मधले सगळे उन्हाळे पायथ्याशी राहणाऱ्यांनाच काढायचे असतात. पर्वती आणि तळजईच्या उतारांवर दाट वस्त्या आहेत. म्हणून रान राखताना ते या लोकांना बंद होणार नाही, फाटक आणि तिकीट आडवे येणार नाही, हेही पाहायला हवे. ज्यांच्या घरात एसी आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांना ही सावली जास्त औषधी आहे.

टेकडीवर काम करणाऱ्यांनी एवढे पाळा

- गाजर गवत: फुलोऱ्यापूर्वी, ओल्या मातीत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उपटा. वाळलेले ढीग झटकू नका, जाळू नका. घरी येताच अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. एकदा ॲलर्जी झाली असेल तर हे काम दुसऱ्याला द्या आणि तुम्ही पाण्याचे काम घ्या. चेहऱ्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने लावू नका.
- मधुमेह, रक्तदाब: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी चढू नका. खिशात साखर ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यातील डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.
- ऊन: मार्च ते मे काम सकाळी नऊच्या आत संपवा. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे ही धोक्याची खूण आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णालय गाठा.
- साप: दगड हलवताना काठी वापरा, बूट घाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. दोरी आवळणे, चिरा देणे, विष चोखणे टाळा. तो अवयव हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा.
- मधमाश्या: दंशानंतर ओठ सुजणे, दम लागणे, भोवळ येणे ही तातडीची अवस्था आहे. थांबून पाहू नका.
- धनुर्वात: दर दहा वर्षांनी टीडीची लस घ्या. खोल किंवा मातीने भरलेल्या जखमेनंतर शेवटच्या डोसला पाच वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा घ्या.
- पाण्याचे पिंप: झाकण घट्ट ठेवा, आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.
- कंबर, गुडघे: दोन हातांत दोन छोटे कॅन न्या. एकाच हातात वीस लिटर नको.

आता काय करावे?

तुमच्या भागात वृक्षारोपण होणार असेल तर आयोजकांना तीन प्रश्न विचारा. ही झाडे या जमिनीची आहेत का? पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? आणि जगलेल्या झाडांची मोजणी कधी होणार? उत्तरे नसतील तर नवे रोप लावण्याऐवजी मागच्या वर्षीच्या एखाद्या रोपाला पाणी घाला. आरोग्याच्या हिशोबाने ते जास्त मोलाचे आहे.

आणि टेकडीवर जाताना हातमोजे विसरू नका.