यात काय आहे?

आठवीच्या वर्गात 1857 च्या लढ्याचा धडा आला की एक प्रश्न हमखास येतो. वर्ग उर्दू माध्यमाचा असो की मराठी, प्रश्न तोच असतो: "काडतुसाला खरोखरच गाय-डुकराची चरबी लावलेली होती का?" पुस्तकात त्यावर एक-दोन ओळी असतात. त्या ओळींमागची हकिकत मात्र मोठी आहे आणि आपल्या घरांशी तिचा आजही संबंध आहे. म्हणून या महिन्यात आम्ही काडतूसच उलगडून पाहणार आहोत.

आधी शब्द पाहू, कारण भाषेच्या शिक्षकांची ही जुनी खोड. 'बंदूक' अरबीतून आला, 'शोरा' आणि 'दारू' फारसीतून, 'गंधक' संस्कृतातून आणि 'काडतूस' पोर्तुगिजांकडून. उर्दूत तेच 'कारतूस' झाले. एवढ्याशा पुडीत किती मुलखांची माणसे बसली आहेत पाहा.

शोरा, गंधक आणि कोळसा यांची मिळून काळी दारू होते. ठासणीच्या बंदुकीत सगळे काही नळीच्या तोंडातून भरावे लागे: आधी दारू, मग गोळी आणि मग गजाने ठासणे. लढाईच्या धांदलीत दारू मोजत बसणार कोण? म्हणून एका बाराची दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुडीत गुंडाळून ठेवत. हेच काडतूस. शिपायाच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात पुडी असे, म्हणून पुडीचे टोक तो दातांनी फाडी. कवायतीत तसेच शिकवले जाई.

मग चरबी कशाला? काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घट्ट काजळी होऊन मागे उरतो. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा होत्या. त्यामुळे नेम लांबवर लागे, पण काजळी साचली की गोळी आत सरकत नसे. म्हणून पुडीच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावत. इंग्लंडमध्ये हे वंगण म्हणजे जनावराची चरबी आणि मेण. यंत्राच्या दृष्टीने ही साधी सोय होती. ज्याला ती पुडी तोंडात धरायची होती, त्याच्यासाठी तो ईमानाचा सवाल होता.

हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते, असे नाही. 1853 साली अशी काडतुसे हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल लष्करातील कर्नल टकर या इंग्रज अधिकाऱ्याने लेखी बजावले होते की, शिपायांच्या धर्माला बाधेल असे वंगण वापरू नये. ते पत्र कागदांत पडून राहिले. पुढे कलकत्त्याकडे काडतुसे बनू लागली. नंतरच्या चौकशीत उघड झाले की चरबी कोणत्या जनावराची, हे तपासण्याची तजवीजच केलेली नव्हती.

जानेवारी 1857 मध्ये डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली. सरकारने महिनाअखेर हुकूम काढला की काडतुसे कोरी मिळतील आणि वंगण शिपायांनी आपापले लावावे. पुढे दातांऐवजी हाताने फाडण्याचीही मुभा दिली. पण तोवर उशीर झाला होता. आता शंका कागदावर गेली, कारण तो चकचकीत दिसत होता. त्यातच पिठात हाडांचा भुगा मिसळल्याची अफवा उठली. 24 एप्रिलला मेरठमध्ये 90 स्वारांपुढे काडतुसे ठेवली आणि 85 जणांनी ती घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही. गंमत अशी की ती काडतुसे जुन्याच पद्धतीची, वर्षानुवर्षे वापरलेली होती. 9 मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटले.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे: मेरठच्या त्या काडतुसांना तशी चरबी नव्हती, पण कुठल्याच काडतुसाला ती लागलेली नाही, अशी छातीठोक ग्वाही सरकारही देऊ शकत नव्हते, कारण वेळेवर कोणी पाहिलेच नव्हते. संतापाला दुसरीही मोठी कारणे होती. संस्थाने खालसा होत होती, पगार आणि मान घटला होता. म्हणूनच भरवसा आधीच उडालेला होता आणि काडतुसाने फक्त ठिणगी टाकली.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हिंगोली, जी 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती, तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. याच कंटिंजंटच्या औरंगाबादच्या घोडदळात जून 1857 मध्ये खळबळ माजली. तिथे कारण काडतूस नव्हते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी शंका होती. पुण्याहून फौज आली आणि कित्येकांना मृत्युदंड दिला गेला. तिथेही सवाल तोच होता: आमच्याकडून काय करवून घेणार आहात, ते सरळ सांगा.

पुढे पितळी काडतुसे आली आणि दातांचे काम संपले. पुण्याजवळ खडकीला 1869 साली काडतुसांचा कारखाना निघाला. इंग्लंड-अमेरिकेत आजही जुन्या लष्करी बंदुकांचे शौकीन आहेत. 2003 साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातल्या हजारो बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत मार्टिनी-हेन्रीसारख्या काळ्या दारूच्या बंदुकाही होत्या. हे शौकीन त्यांची काडतुसे घरी हाताने भरतात आणि दारू किती, मेण किती, चरबी मेंढीची की आणखी कसली, हे सगळे वहीत टिपून ठेवतात. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.) आमच्या मनात भरते ती त्यांची वही. जो आपल्या हाताने भरतो, त्याला आत काय आहे ते माहीत असते. मेरठच्या स्वारांपुढे दुसऱ्याने भरलेली पुडी होती आणि "आत काय आहे?" विचारल्यावर मिळाल्या त्या बेड्या.

आज आपण खातो-पितो त्यातले बहुतेक काही दुसऱ्यानेच भरलेले असते. बिस्किटाचा पुडा, औषधाची कॅप्सूल, लशीची कुपी. पाकिटावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण शाकाहारी-मांसाहारी सांगतो, पण जनावर कोणते ते सांगत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले. 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी ते होते आणि शाळाशाळांतून लस दिली जात होती. तेव्हा मोबाइलवर नाही नाही ते फिरू लागले. आया शाळेत येऊन विचारत, "यात काय आहे?" ज्या ठिकाणी परिचारिकेने माहितीपत्रक उघडून वाचून दाखवले, जिलेटिनचा प्रश्न न हसता ऐकून घेतला आणि मौलानासाहेबांनी लोकांशी बोलून शंका दूर केली, तिथे त्याच आयांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. जिथे फक्त "वरून आदेश आहे" असे ऐकवले गेले, तिथे बाके रिकामी राहिली. त्यात नुकसान मुलांचे झाले, कारण गोवर कोणाचा धर्म विचारत नाही.

म्हणून आमचे दोन्ही बाजूंना सांगणे आहे. ज्यांच्या हातात पुडी, कुपी किंवा हुकूम आहे, त्यांनी आत काय आहे ते विचारण्याआधीच सांगावे. विचारणारी आई अडाणी नसते, ती आपल्या लेकराची राखण करत असते. आणि आपण, ज्यांना विचारायचा हक्क आहे, त्यांनी तो प्रश्न ज्याला उत्तर माहीत आहे त्यालाच विचारावा: औषधवाल्याला, डॉक्टरला, आलिमला. शेजारणीच्या मोबाइलला नव्हे. पिठातल्या हाडांची अफवा पसरवणाऱ्यांपैकी एकानेही चक्कीवर जाऊन पाहिले असते, तर निदान ती एक भीती तरी तिथेच थांबली असती.