पारण्याचा हिशेब

लग्नाच्या चार महिने आधी भात बंद होतो. मग साखर, मग पोळी. शेवटच्या पंधरवड्यात सकाळी पपई, दुपारी काकडी-टोमॅटो आणि रात्री मुगाचं कढण, एवढ्यावर दिवस निघतो. शालू अंगावर चापूनचोपून बसतो, फोटो झकास येतात. मग नव्या जोडप्याला घरोघरी जेवायला बोलावणी सुरू होतात आणि केळवणांत टाळलेलं सगळं व्याजासकट वसूल होतं. दिवाळीपर्यंत ब्लाउजची शिवण उसवायला येते. घरातलं कुणीतरी तेव्हा म्हणतंच, “डाएट सोडलं ना, मग होणारच.”

हे म्हणणं अर्धंच खरं आहे. डाएट कधीतरी सोडायचंच असतं, कढणावर कुणी जन्म काढत नाही. वजन उतरवायचे तक्ते मागाल तितके मिळतात. उतरल्यानंतरच्या सोमवारी ताटात काय वाढायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एकादशीला दुप्पट खाण्यावर आपण म्हण करून ठेवली, पण द्वादशीच्या पारण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एका माणसाचं गेलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये कीजनी ३६ तरुण घेऊन प्रयोग सुरू केला. सगळे धडधाकट, सगळे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, आणि स्वतःहून उपाशी राहायला तयार झालेले. १२ आठवडे नेहमीचं जेवण, मग २४ आठवडे दिवसाला साधारण १,६०० कॅलरी. बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं. १,६०० हा आकडा आज ऐकताना गंमत वाटते, कारण आपल्याकडचे कितीतरी तक्ते याहून कंजूष असतात.

तरुणांचं वजन चौथ्या हिश्शाने उतरलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. प्रेम, राजकारण, सिनेमा यांतलं लक्ष उडालं आणि चक्क पाकपुस्तकं जमवायचा नाद लागला. पण कीजना खरा रस होता तो पुढच्या भागात. त्यांनी चार गट केले आणि उपाशी काळातल्या आहारावर कुणाला ४०० कॅलरी वाढवून दिल्या, कुणाला ८००, कुणाला १,२००, कुणाला १,६००. सगळ्यात कमी मिळालेल्यांची प्रकृती सुधारेना. बंधनं उठली तेव्हा काही जण दिवसाला ५,००० कॅलरींच्याही वर गेले, आणि एकाला तर अतिखाण्यामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. पोट तुडुंब भरलेलं असायचं, तरी भूक हटत नसे.

याचं एक कारण पुढे १९९७ मध्ये अब्दुल दुल्लू आणि सहकाऱ्यांनी त्याच जुन्या नोंदी पुन्हा चाळून मांडलं. उपासानंतर चरबी आधी परत येते, स्नायू मागाहून. चरबीचा कोटा पुरा झाला, ओलांडला, तरी स्नायू भरून येईपर्यंत शरीर भूक मागत राहतं. हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे सगळं जसंच्या तसं ९० किलोच्या माणसाला लावता येणार नाही. तरी डाएटच्या काळात डाळ, दही, अंडी आणि वजनं उचलण्याचा व्यायाम का सोडू नये, ते यातून कळतं. स्नायू जितके कमी झिजतील, तितकी नंतरची भूक आवरती राहण्याची शक्यता जास्त.

आता जिममध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: “माझा मेटाबॉलिझमच बिघडलाय.” याला आधार म्हणून बहुतेक वेळा २०१६ चा एक अभ्यास पुढे केला जातो. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांच्या पथकाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि नुसतं बसून असताना शरीर जेवढं जाळायला हवं, त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ज्यांनी वजन जास्त टिकवलं, त्यांचा मंदपणाही जास्त होता! म्हणजे मंदावलेलं शरीर घेऊनही वजन टिकतं. कुणाचं टिकलं, हेही पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं: ज्यांची हालचाल स्पर्धेआधीच्या मानाने दुपटीहून जास्त वाढलेली राहिली, त्यांचं.

मग गुन्हेगार कोण? बहुतांशी भूक. हॉल यांच्याच सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या एका गोळीच्या चाचणीतले आकडे घेतले. या गोळीने साखर लघवीवाटे निघून जाते, पण आपल्या किती कॅलरी अशा गळताहेत हे माणसाच्या ध्यानात येत नाही. हिशेब असा निघाला की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला खर्चाला २५० कमी आणि मागणी १,००० जास्त. घरचं बजेट असं कोसळलं तर आपण संसाराला दोष देतो, इथे मात्र इच्छाशक्तीला.

याच आकड्यांत दिलासाही आहे. समजा, एखादीचं वजन पूर्वी २,००० कॅलरींवर स्थिर होतं आणि दहा किलो उतरवताना ती १,००० वर आली. आता तिचा खर्च साधारण १,७५० असेल. म्हणजे ७५० कॅलरी वाढवायला जागा आहे, आणि ती जागा लहान नाही. जुनं ताट मात्र परत मिळणार नाही.

शरीरसौष्ठववाल्यांनी या वाढवत नेण्याला ‘रिव्हर्स डाएटिंग’ नाव दिलं. दर आठवड्याला ५० ते १०० कॅलरी वाढवायच्या, की म्हणे मेटाबॉलिझम पूर्ववत ‘दुरुस्त’ होतो. या दुरुस्तीला भक्कम पुरावा नाही. पण पायरीपायरीने चढताना आपला खर्च नेमका कुठे आहे ते सापडतं, आणि एवढ्यासाठीही पद्धत उपयोगी आहे. ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे जवळपास १०० कॅलरी. पहिल्या आठवड्यात एक पोळी, पुढच्यात वाटीभर उसळ, असं. वाढ आधी डाळी-कडधान्यांत आणि दह्यात व्हावी, तुपात नव्हे. तुपाशी भांडण नाही, पण चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात आणि त्याने पोट भरल्याचं कळत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच.

आयुर्वेदाला हे पायरीपायरीने वाढवणं नवं नाही. वमन-विरेचनानंतर चरकसंहितेत संसर्जनक्रम सांगितला आहे: आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग साधं यूष म्हणजे कढण, मग फोडणीचं, असं करत आठवडाभराने नेहमीचं जेवण. उपमा चुलीची आहे. ठिणगीला आधी गवत, शेणकुटाचा चुरा, मग लाकडं. थेट ओंडका ठेवला की ती विझते.

सगळ्यात जास्त डाएटं मोडतात ती मात्र वजनकाट्यावर. महिन्यांनी भात खाल्ला, तिसऱ्या दिवशी काटा दीड किलोने वर. घाबरून पुन्हा कढण, चार दिवसांनी रात्री फ्रिजवर धाड. तो दीड किलो बहुतेक पाणीच असतो. स्नायू आणि यकृत पिष्टमय अन्नातून ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. दीड किलो चरबी चढायची तर खर्चाहून दहा हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतील. वाटीभर भाताची ती ऐपत नाही. म्हणून एका दिवसाचा आकडा सोडावा, आठवड्याची सरासरी लिहावी.

मिनेसोटातल्या त्या ३६ जणांपैकी १८ जणांच्या मुलाखती जवळपास साठ वर्षांनी घेतल्या गेल्या. पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, या प्रश्नाला उत्तरं आली ती अगदी दोन वर्षांपर्यंतची. तीन महिन्यांच्या पुनर्भरणाच्या अखेरीस आपण पूर्ण बरे झालो होतो, असं त्यांतल्या एकानेही सांगितलं नाही.

— वाढपी