एचपी ओढायला असते, थांबवायला वजन आणि ब्रेक लागतो



हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव, कुठल्याबी रस्त्याला जावा, चित्र एकच. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि कौलाला टेकंल एवढा ऊस. "आपला ५० एचपी वीस टन आरामात ओढतोय," असं सगळे सांगतात. ओढतोय, खरं हाय. पण ते वीस टन थांबवतंय कोण?

साधा हिशेब बघा. ५० एचपीच्या साध्या ट्रॅक्टरचं वजन दोन-सव्वादोन टन. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर भार साधारण दीड टन. कोरड्या डांबरावर ती चाकं फार तर एक टनाच्या आसपास जोर धरतात. आता वीस फुटाला एक फूट असा उतार घ्या. ट्रॉल्यांसकट वीस टन माल तिथं एक टनाच्या जोरानं पुढं ढकलतोय. म्हणजे सगळा ब्रेक नुसता वेग वाढू न देण्यातच संपला. पुढं पोरगं आडवं आलं तर शिल्लक काय? रस्त्यावर चिखल असला तर पकड आणखी कमी. मग ट्रॉली मागनं रेटती आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

चढाला उलटं होतं. ओढ मागं बसती, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. हूक उंच लावला असंल तर तोंड उचलायला वेळ लागत नाही.

इंग्लंडात लोक मोटारीमागं कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची गाडी, जोडून फिरतात. तिथं नवख्याला सल्ला असा, की भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. आपल्याकडं ओझं ट्रॅक्टरच्या नऊ-दहा पट, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. वेग कमी म्हणून निभावतंय, एवढंच.

ह्यात सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारू नका. त्याला पैसे टनावर आणि किलोमीटरवर मिळतात. जादा भरंल तो जादा कमावंल. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड हाय. पण नुसत्या दंडानं ब्रेक बसत नाही.

तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या एफआरपीतनं वजा होतो. पैसे आपले, तर अट घालायचा हक्कबी आपलाच. माझं म्हणणं असं, की कारखान्यांनी वाहतूक करारात एचपी नाही, ट्रॅक्टरचं वजन बघून टन ठरवावेत. ट्रॉलीला ब्रेक, मागं दिवा आणि रिफ्लेक्टर नसंल तर करार करू नये.

कुणी म्हणंल, खेपा वाढतील, ऊस वाळंल. पण गाड्या गव्हाणीपुढं तासन्‌तास उभ्या असतात. तो वेळ कमी केला तर तेवढ्यात एक खेप जादा बसती.

आपल्या हातातलंबी करूया. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवलेली हवीत. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नाही. हूक खालच्या जागी, पुढं वजनं लावलेली. आणि शेतात "राहिलेल्या चार मोळ्याबी टाका वर" म्हणायचं आपणच बंद करूया.

येत्या सभेत दराबरोबर हाबी प्रश्न विचारा: आपल्या उसाच्या ट्रॉलीला ब्रेक हाय का?