हिशेब चुकता, सल कायम

युद्ध म्हटले की आपले विचारवंत आधी खतावणी उघडतात. कोळसा कुणाचा, बाजारपेठ कुणाची? भावना म्हणजे त्यांच्या लेखी सैनिकांना चेतवण्यापुरता नगारा. हे मत किती तोकडे आहे ते फ्रान्स-जर्मनीच्या खतावणीतच दिसते.

१८७१ मध्ये हरलेल्या फ्रान्सवर ५ अब्ज फ्रँकचा दंड बसला. १८७३ मध्ये, मुदतीआधीच, तो फिटला. अल्सास-लॉरेन गेले, त्याबरोबर तिथले लोखंडही गेले, हे खरेच. पण लोखंडासाठी कुणी सुतक पाळत नाही. पॅरिसच्या चौकातल्या, अल्सासमधल्या स्ट्रासबूर्ग शहराच्या प्रतीक-पुतळ्यावर मात्र १९१८ पर्यंत शोकाचे काळे कापड असे. हा पराभव सदैव मनात ठेवा, ओठांवर आणू नका, असा फ्रेंच नेते गँबेटा यांचा सल्ला सांगतात. ओठांवर न आलेले १९१९ मध्ये व्हर्सायच्या आरसेमहालात बाहेर पडले. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा जिथे झाली, नेमक्या त्याच दालनात जर्मनीला तहावर सही करावी लागली.

मग जर्मनीची पाळी. पहिल्या महायुद्धात आपण रणांगणावर हरलो, हे तिच्या सेनानींनी जाहीरपणे कबूलच केले नाही. पाठीत खंजीर खुपसला गेला, अशी साक्ष हिंडेनबुर्ग यांनी दिली आणि न कबूल केलेल्या लाजेचे खापर ज्यू व समाजवाद्यांवर फुटले. समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांचा रोख याच दडपलेल्या लाजेवर आहे.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप वजनदार आहे. नाझींना १९२८ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मते होती, मंदीनंतर १९३२ मध्ये सदतीस. म्हणजे बोलले ते पोटच ना? मते पोटाने दिली, मान्य. पण मंदी अमेरिकेतही होती. तिथे रूझवेल्ट निवडून आले. शिवाय जर्मनीने १९१८ मध्ये ज्यात शस्त्रसंधीवर सही केली तो रेल्वेचा डबा १९४० मध्ये संग्रहालयातून बाहेर काढून, त्याच जागी नेऊन, हिटलरने फ्रान्सला त्यातच सही करायला लावली. यात कोणती बाजारपेठ मिळाली?

जर्मनीतल्या रूरच्या कोळशासाठी १९२३ मध्ये फ्रेंच फौजा घुसल्या होत्या. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद सामाईक व्यवस्थेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि या वेळी जर्मनीला बरोबरीची खुर्ची दिली. ज्यांना प्रत्येक युद्धाचे मूळ खाणीतच सापडते, त्यांनी एकाच कोळशाची ही दोन वर्षे शेजारी ठेवून फरक सांगावा.