पुरावा कोणी द्यायचा?

गेल्या महिन्यात माझ्या क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात ४९९ रुपयांची एक नोंद आढळली : कधीही न मागितलेल्या सेवेची वर्गणी. बँकेला कळवले, तर उत्तर आले, ‘आपण संमती दिली नव्हती हे सिद्ध करा.’ हयातीचा दाखला मागणाऱ्या आम्हा सरकारी मंडळींनीही असा पुरावा कधी मागितला नसेल!

वस्तुतः अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकान्वये बँकेवरच टाकला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘वर्गणीचा सापळा’ निषिद्ध ठरवला. नियमांची वाण नाही. वाण आहे ती अंमलाची.

यामागील अर्थशास्त्र सोपे आहे. तक्रारीत जाणारा वेळ ४९९ रुपयांहून महाग पडतो, हे विक्रेता पुरते जाणून असतो. आपल्या मौनावरच त्याचा नफा उभा आहे.

म्हणून, वाचकहो, रक्कम क्षुल्लक म्हणून सोडू नका. तक्रार तत्काळ आणि लेखी करा, तिचा क्रमांक जपा. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ज्याने पैसे कापले, पुरावा त्यानेच द्यावा.