चेपॉकचा वारसा आणि ऋतुराजची कसोटी

महेंद्रसिंह धोनीने चेन्नई सुपर किंग्जचे कर्णधारपद सोडले आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे ते आले, ही घोषणा २१ मार्च २०२४ रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी एम. ए. चिदंबरम स्टेडियमवर स्पर्धेचा पहिला सामना होता. बंगळुरूचा सहा गडी राखून पराभव झाला आणि सत्तांतर सुरळीत पार पडल्याचे चित्र निर्माण झाले. मात्र सत्ता सोडणारा मैदान सोडून गेला नव्हता. तो यष्टींमागे उभा होता, आणि ऋतुराजच्या कारकिर्दीतील बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा कर्ता मानला जातो. मैदानावरील प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. ग्रीन बे पॅकर्स या संघाने २००५ मध्ये ॲरन रॉजर्सला निवडले, पण ब्रेट फार्व खेळत असल्याने तीन हंगाम त्याला बाकावर काढावे लागले. २००८ मध्ये फार्व न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि मगच रॉजर्सचे पर्व सुरू झाले. पुढे जॉर्डन लव्हनेही रॉजर्सच्या मागे तीन हंगाम वाट पाहिली; २०२३ मध्ये रॉजर्सही जेट्सकडेच गेला. तेथे जागा एकच असते. वारसाला ती मिळते तेव्हा पूर्ण मिळते. चेन्नईत तसे घडले नाही.

येथपर्यंतचा ऋतुराजचा प्रवास कोणाच्या कृपेचा नव्हता. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या या फलंदाजाला २०१९ च्या हंगामासाठी चेन्नईने २० लाख रुपयांच्या मूळ किमतीत घेतले आणि त्या वर्षी एकही सामना खेळवला नाही. २०२० मध्ये अमिरातीत पोहोचताच कोरोनाची लागण झाली, विलगीकरण लांबले. पहिल्या तीन डावांत शून्य, पाच आणि शून्य. तरुण खेळाडूंमध्ये पुरेशी ठिणगी दिसली नाही, हे धोनीचे विधान त्याच हंगामातले. त्यानंतर अखेरच्या तिन्ही सामन्यांत ऋतुराजने अर्धशतके केली. २०२१ मध्ये ६३५ धावांसह तो स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. सलामीचा सहकारी फाफ डू प्लेसी अवघ्या दोन धावांनी मागे राहिला आणि चेन्नईने विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राकडून विजय हजारे करंडकात २०२२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार ठोकून त्याने नाबाद २२० धावा केल्या, त्या खेळीची चर्चा अद्यापही होते.

वारसदाराची निवड म्हणूनच वावगी नव्हती. शिवाय चेन्नईने घाईचा अनुभव घेतला होता. २०२२ मध्ये रवींद्र जडेजाला कर्णधार केले गेले आणि आठ सामन्यांनंतर नेतृत्व पुन्हा धोनीकडे आले. या वेळी संघव्यवस्थापनाने संयम दाखवला.

२०२४ मध्ये ऋतुराजने ५८३ धावा केल्या. विराट कोहलीखालोखाल त्याचाच क्रमांक होता. चेपॉकवर लखनौविरुद्ध नाबाद १०८, पाच दिवसांनी हैदराबादविरुद्ध ९८. तरीही बाद फेरी हुकली. १८ मे रोजी बंगळुरूत २०१ धावा झाल्या असत्या तर पराभूत होऊनही चेन्नई पुढे गेली असती. संघ १९१ वर थांबला. त्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर कर्णधार शून्यावर बाद झाला होता. गुण समान, धावगतीत मात्र चेन्नई मागे. हंगामाचा हिशेब या एका रात्रीवरून मांडला गेला, हे अन्यायाचे असले तरी कर्णधाराच्या वाट्याला ते येतेच.

क्षेत्ररचना नेमकी कोण ठरवतो, ही शंका वर्षभर घेतली गेली. बहुतांश निर्णय ऋतुराजच घेत होता, असे धोनीने २०२५ च्या हंगामापूर्वी स्वतः सांगितले. प्रेक्षकांच्या मनातील चित्र त्याने फारसे बदलले नाही. चेपॉकवर चेन्नईचाच गडी बाद झाला की जल्लोष होतो, कारण पुढे धोनी येण्याची आशा असते. ज्या मैदानावर आपल्याच फलंदाजाच्या बाद होण्याची वाट पाहिली जाते, तेथे नव्या कर्णधाराला स्वतःचा अधिकार स्थापन करावयाचा आहे.

२०२५ चा हंगाम त्या दृष्टीने बोलका ठरला. ३० मार्च रोजी गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू ऋतुराजच्या हातावर आदळला, कोपराजवळचे हाड दुखावले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो स्पर्धेबाहेर गेला. वयाच्या ४३ व्या वर्षी धोनी पुन्हा कर्णधार झाला. ऋतुराजच्या नेतृत्वाखाली पाचपैकी एक विजय, धोनीच्या नेतृत्वाखाली नऊपैकी तीन. चेन्नई प्रथमच तळाला, दहाव्या स्थानी राहिली. धोनी परतताच सर्व सुरळीत होईल ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. दोष नेतृत्वापेक्षा लिलावातील निवडीत आणि संथ आघाडीच्या फळीत होता. ऋतुराजच्या जागी आलेल्या विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळुरूविरुद्ध ९४ धावा करून त्याचा पुरावाच दिला.

या जबाबदारीची किंमत फलंदाज ऋतुराजने मोजली आहे. २०२५ मध्ये त्याने सलामीची जागा सोडून खालच्या क्रमांकावर खेळणे पत्करले. भारतीय संघात तो आत-बाहेरच राहिला. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी गुवाहाटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२३ धावा झाल्या. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मात्र स्थान मिळाले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिले एकदिवसीय शतक करूनही न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्याच मालिकेतून तो वगळला गेला. या निर्णयाचे समर्थन करणे अवघड आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थानकडे देऊन संजू सॅमसनला घेतले आणि २०२६ साठी कर्णधार ऋतुराजच असेल, हेही त्याच वेळी जाहीर केले. सॅमसनने २०२१ पासून राजस्थानचे नेतृत्व केले होते, आणि तो यष्टिरक्षकही आहे. धोनीने निवृत्ती घेतल्यावरही ऋतुराजच्या पाठीमागे, यष्टींपाशी, एक माजी कर्णधार उभा असेल, अशी ही व्यवस्था आहे.