जुनी थार घ्यावी की नवी? बोनेट उघडण्याआधी मागची सीट बघा

माझ्या मावसभावाला थार घ्यायची आहे. सेकंड हँड. राधानगरी तालुक्यात घर, घराला लागून शेत आणि पावसाळ्यात शेवटचा किलोमीटरभर चिखल. त्याच्या मोबाइलमध्ये दोन गाड्यांचे फोटो आहेत. एक २०१६ ची जुनी, कापडी टपाची. दुसरी २०२१ ची नवी. दोन्ही डिझेल, दोन्ही फोर बाय फोर. किमतीत मात्र काही लाखांचा फरक. "तू इंजिनिअर हाईस, तूच सांग कुठली घ्यायची," असं म्हणून त्याने प्रश्न माझ्याकडे सरकवला.

माझं मत आधीच सांगतो. घरात ही एकच चारचाकी असणार असेल आणि मागे मुलं किंवा आई-वडील बसणार असतील, तर जुनी थार घेऊ नका. पैसे कमी पडत असतील तर थांबा. घरात दुसरी गाडी असेल आणि थार फक्त शेत, घाट आणि पावसाळी भटकंतीसाठी हवी असेल, तर मात्र जुनी आजही चांगला सौदा आहे. असं का, ते समजून घेऊ.

जुनी कुठली, नवी कुठली?

महिंद्राने थार पहिल्यांदा आणली २०१० मध्ये. तिचं नातं थेट विलीस जीपशी. ही जीप कंपनीने १९४७ पासून आपल्याकडे जोडायला घेतली होती. जुन्या थारमध्ये दोन डिझेल इंजिनं होती. साधं डीआय, सुमारे ६३ अश्वशक्तीचं, आणि सीआरडीई, १०५ अश्वशक्तीचं. २०१५ मध्ये गाडीत सुधारणा झाल्या आणि मागच्या डिफरन्शियलला लॉक मिळालं. चिखलात एक चाक जागेवर फिरत राहिलं तरी दुसरं गाडी ओढतं, ते या लॉकमुळे. म्हणून जुनी घ्यायचीच असेल तर २०१५ नंतरची सीआरडीई घ्या. डीआयमध्ये टू व्हील ड्राइव्ह गाड्याही होत्या, हे लक्षात ठेवा.

नवी थार १५ ऑगस्ट २०२० ला दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला बाजारात आली. नाव तेच, पण गाडी जवळपास पूर्ण बदललेली. २.२ लिटर डिझेल १३० अश्वशक्तीचं, २ लिटर टर्बो पेट्रोल १५० अश्वशक्तीचं. कारखान्यातूनच पक्कं छत आणि ऑटोमॅटिक गिअरचा पर्याय. मागे पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग.

जुनीची बाजू

जुन्या थारची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे ती उघडून बघता येते. मागे पाटे, ट्रान्सफर केसला हाताने ओढायचा लिव्हर, इलेक्ट्रॉनिक्स कमी. जीप-ट्रॅक्सवर हात बसलेल्या मेकॅनिकला ती परकी वाटत नाही. एखादा बुश किंवा पिन मिळाली नाही, तर उद्यमनगरात लेथवर बनवून देणारा माणूस सापडतो. कोल्हापूरकरासाठी ही सोय छोटी नाही.

दुसरा मुद्दा डीपीएफचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. ही काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. ज्यांची गाडी रोज घर ते शेत आणि शेत ते डेअरी एवढीच फिरते, त्यांच्यात हा फिल्टर तुंबण्याची शक्यता जास्त. जुन्या बीएस-३ आणि बीएस-४ थारला ही भानगड नाही.

मग अडतं कुठे?

मागच्या सीटवर. जुन्या थारमध्ये मागे समोरासमोर दोन आडवे बाक. आपण सगळे वडापच्या जीपमधून असे गुडघ्याला गुडघा लावून गेलो आहोत, त्यामुळे त्यात काही वावगं वाटत नाही. पण गणित सरळ आहे. गाडी ताशी ६० ने जात असते, तेव्हा आत बसलेला माणूसही ताशी ६० नेच जात असतो. गाडी अचानक थांबली की तो पुढे फेकला जातो. समोर तोंड करून बसलेल्याला खांद्यावरचा पट्टा छातीला आणि कमरेला धरून ठेवतो. आडव्या बाकावर बसलेल्याची मान आणि कंबर बाजूने पिळवटली जाते. मुलांसाठीची सुरक्षा सीट तर अशा बाकावर बसवताच येत नाही.

२०१९ पूर्वीच्या जुन्या थारमध्ये एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. म्हणजे पावसात घाटाच्या वळणावर ब्रेक दाबला की चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते. नव्या थारला पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. मागच्या सीट समोर तोंड करून आहेत आणि मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सची कडी आहे. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येकी ४ स्टार मिळाले. एक अपवाद: सुरुवातीच्या काही नव्या गाड्यांत आडव्या बाकांचा सहा सीटर प्रकारही विकला गेला. फोटोवर विसंबू नका, मागे डोकावून बघा.

नवीची खोडही सांगितली पाहिजे. दरवाजे दोनच. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईला हे रोज जमणार का, ते तिला गाडीपर्यंत नेऊनच ठरवा.

'नवी' म्हणून टू व्हील ड्राइव्ह गळ्यात पडू नये

जानेवारी २०२३ मध्ये नवी थार फक्त मागची चाकं ओढणाऱ्या प्रकारातही आली. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ९.९९ लाख रुपये, डिझेल इंजिन १.५ लिटरचं. बाहेरून ती जवळपास तशीच दिसते. आत गिअरच्या शेजारी दुसरा, फोर बाय फोरचा लिव्हर आहे का ते पाहा. नसेल तर ती शहरात मिरवायला चांगली आहे, पण राधानगरीच्या चिखलासाठी तिचे फोर बाय फोरएवढे पैसे मोजू नका.

आणखी एक तपासणी. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट तपासून बदलण्यासाठी कंपनीने परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन हे काम झालं का, ते विचारा.

कोल्हापूरची खास तपासणी: पूर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील, असं समजणं भोळेपणाचं आहे.

'थार आहे, पाण्याचं काय एवढं' असं विक्रेता म्हणेल. नवी थार ६५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. जुनीची मर्यादा ५०० मिलिमीटर. पण पाण्यातून जाणं वेगळं आणि पाण्यात चार दिवस उभं राहणं वेगळं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटखालचे नटबोल्ट आणि रुळ गंजलेत का, हेडलाइटच्या आत ओल आहे का, मॅटखाली वास येतो का, तेही पाहा. डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर तिथूनच परत फिरा. विमा कंपनीकडे आधी क्लेम झाला होता का, हेही विचारा. पुरातली जुनी थार खर्च करून उभी करता येते. नवीत मात्र पाणी गेलं तर वायरिंग आणि कंट्रोल युनिटचा त्रास मागे लागतो.

कागद बघितल्याशिवाय टोकन नको

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची थार २०२६ मध्ये या टप्प्यावर येते. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. चारचाकीच्या या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं. 'स्वस्तात मिळाली'च्या हिशेबात हे धरा.

गाडी केए-२२ किंवा दिल्ली पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा. कर्ज असेल तर बँकेचं नाव आरसीवरून उतरलं पाहिजे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ट्रान्सफरचा अर्ज लगेच करा.

जुन्या थार बहुतेक वेळा सजवलेल्या असतात. मोठे टायर, लोखंडी बंपर, बाहेरून बसवलेलं पक्कं छत. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी यावरून क्लेम अडवू शकते. मूळ स्थितीतली गाडी फोटोत साधी दिसेल, पण घ्यायची तीच.

आमच्या दादाचं काय झालं?

गेल्या रविवारी २०१६ ची थार बघायला आम्ही सगळे गेलो. दादा स्टिअरिंगवर, मी शेजारी, वहिनी दोन्ही मुलांना घेऊन मागच्या बाकावर. दाजीपूरच्या रस्त्याला एक फेरी झाली. इंजिन चांगलं होतं, लिव्हर व्यवस्थित पडत होता, ऑइलही स्वच्छ. दादा खूश होता. उतरल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "गाडी एक नंबर हाय. पण पोरांना पट्टा कसा लावायचा?"

दादाने टोकन दिलं नाही. मुलांना शाळेत सोडायलाही हीच गाडी लागणार आहे. २०२१ च्या थारसाठी कमी पडणारे पैसे तो आता उसाच्या बिलाच्या हिशेबात बसवतोय.